घर चालविणाऱ्या मुलाने फौजेत जावे काय?

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत, तसेच कोकण, मराठवाडा आणि विदर्भातही पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी मुले दिसतात. कोणी सैन्यभरतीसाठी धावतो, कोणी पोलीसभरतीसाठी; बहुतेकजण दोहोंसाठी. या मुलांचे आईबाप आपल्या कार्यकर्त्यांना अलीकडे एक प्रश्न विचारू लागले आहेत. मुलगा फौजेत जातो म्हणतो, घर त्याच्यावर आहे. पाठवावे की न पाठवावे? पूर्वी हा प्रश्न या स्वरूपात क्वचितच विचारला जाई. घर त्याच्यावर आहे म्हणूनच त्याला पाठवीत असत. आज तीच गोष्ट न पाठविण्याचे कारण होऊ पाहत आहे. हा पालट कशाने झाला आणि विचारणाऱ्याला आपण काय उत्तर द्यावे, याचा विचार करणे कार्यकर्त्यांना आता अगत्याचे झाले आहे.

या प्रश्नावर दोन तयार उत्तरे बाजारात आहेत. एक उत्तर असे की, देशसेवेची संधी मिळत असता पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब काढणे हेच मुळी कमीपणाचे आहे. हे उत्तर देणाऱ्यांची मुले बहुधा भरतीच्या मैदानावर धावत नसतात. दुसरे उत्तर आपल्याच काही मित्रांच्या तोंडी असते. सरकारची योजना फसवी आहे, तेव्हा मुलाने जाऊच नये, असे ते सांगतात. पण न गेलेल्या मुलाने उद्यापासून काय करावे, हे ते सांगत नाहीत. पहिले उत्तर कुटुंबाला लाज आणते, दुसरे त्याला वाऱ्यावर सोडते. दोन्ही उत्तरे कार्यकर्त्याने टाळावीत असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम जुनी व्यवस्था काय होती ते पाहू. साधा शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा किमान १५ वर्षे नोकरी करी आणि शेवटच्या वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनावर तिशी-पस्तिशीत घरी येई. सातव्या वेतन आयोगानंतर त्याचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होई. त्यावर ५,२०० रुपयांचे सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा मिळे, म्हणजे पेरणीला किंवा सुगीला एखादी फेरी घरी होई. निवृत्तीनंतर माजी सैनिकाचा दर्जा, दवाखाना, कॅन्टीन आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा. यात वैभव काही नव्हते. तथापि दोन-तीन एकर जिरायत जमीन असलेल्या घराला या नोकरीने एक गोष्ट दिली, ती म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज. त्या अंदाजावर विहीर खणली गेली, धाकट्या भावाचे शिक्षण झाले, बहिणीचे लग्न झाले, सोसायटीचे कर्ज फिटले. पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी गावांची पक्की घरे पलटणीच्या पगारावर आणि पेन्शनवर उभी आहेत. २००४ पासून केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांची जुनी पेन्शन नव्या भरतीपुरती बंद झाली, तेव्हाही सैन्यदलांचा अपवाद करण्यात आला होता.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने नव्याने भरती होणाऱ्या शिपायापुरता तो अपवाद संपविला. करोनाच्या काळात दोन वर्षे भरतीच झाली नव्हती. मुले वयोमर्यादेच्या काठावर येऊन थांबली होती. अशा वेळी त्यांच्यासमोर साडेसतरा ते एकवीस वयाच्या मुलांसाठी चार वर्षांची नोकरी ठेवण्यात आली. पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस करण्यात आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम होणार, उरलेली घरी. बिहारपासून तेलंगणापर्यंत मुले रस्त्यावर आली. सिकंदराबादला गोळीबारात एक तरुण मारला गेला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने योजना वैध ठरविली आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपिले फेटाळली. योजना कायद्याने वैध आहे, हे मान्य करूनच पुढे बोलावयास हवे. मात्र जे वैध आहे ते न्याय्य असतेच असे नाही, आणि गरीब घराला ते परवडते की नाही हा तर आणखी वेगळा प्रश्न आहे.

आता घरच्या चुलीपाशी बसून हिशेब करू. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरविण्यात आले, चौथ्या वर्षी ४०,०००. यातून तीस टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापली जाते. म्हणजे हाती पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० रुपये येतात. चार वर्षांत कापली गेलेली रक्कम ५ लाख २ हजार. तेवढीच सरकार घालते. व्याजासह ११ लाख ७१ हजार रुपये जाताना मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. या आकड्याची मोठी जाहिरात झाली. त्यातील जवळजवळ निम्मा भाग मुलाचाच राखून ठेवलेला पगार आहे, हे मात्र जाहिरातीत ठळकपणे आले नाही. उपदान नाही, निवृत्तिवेतन नाही, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. रजा वर्षाला तीस दिवस.

ही रक्कम तुच्छ आहे असे आम्ही म्हणणार नाही. शेतमजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात अकरा लाख रुपये एकरकमी कधी येत नाहीत. परंतु ही रक्कम बँकेत ठेवून सात टक्के व्याज धरले, तर महिन्याला सहा हजार आठशे रुपयांच्या आसपास पडतात. महागाई वाढली तरी ते वाढत नाहीत, आणि मुद्दल मोडले की तेही संपतात. ज्या घरावर सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज आहे, बहिणीचे लग्न राहिले आहे, बापाचे आजारपण आहे, तेथे ते मुद्दल वर्षभर तरी शाबूत राहील काय? पैसा येईल, घरातील चार गरजा भागतील, आणि बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पुन्हा त्याच पाराजवळ येऊन बसेल. फरक इतकाच की ज्या वयात त्याचे सोबती धंदा, हुन्नर किंवा पदवी शिकले, ते वय त्याने सीमेवर घालविलेले असेल.

कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत आपला मुलगा असेल, अशी आशा प्रत्येक आई करते. ती स्वाभाविक आहे. पण चारांतून एक या प्रमाणावर कुटुंबाचा हिशेब बसविता येत नाही. शिवाय या प्रमाणाचा परिणाम घराइतकाच पलटणीवरही होतो. एकाच खंदकात राहणारी चार मुले एकमेकांवर जिवाचा भरवसा ठेवतात, म्हणून पलटण लढते. त्या चौघांना चार वर्षे एका जागेसाठी स्पर्धेत उभे करणे हे सैन्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

आमच्या मते या योजनेतील मूळ दोष तिने कुटुंबाची जी व्याख्या गृहीत धरली आहे, तीत आहे. अग्निवीर होऊ इच्छिणारा उमेदवार अविवाहित असावा लागतो. बायको नाही, मुले नाहीत, तेव्हा त्याच्यामागे कोणी नाही, असा हिशेब दिल्लीच्या कचेरीत मांडणे सोपे आहे. आपल्या गावात अठरा वर्षांच्या मुलामागे आई असते, थकलेला बाप असतो, शिकणारी धाकटी भावंडे असतात, कित्येकदा विधवा आत्या किंवा आजी असते. आपल्या समाजात मुलगा लग्नाआधीच कर्ता होतो. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच अठरा वर्षांखालील मुलाच्या भरतीच्या कागदावर आईबापांची किंवा पालकांची सही घेतली जाते. मुलगा देताना आईबाप हे कुटुंब असतात. तो गेल्यावर त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी घेण्याची वेळ येते, तेव्हा मात्र त्याच आईबापांना एक रक्कम देऊन सरकार हिशेब मिटविते.

हा कल्पनेतील प्रसंग नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एक तरुण अग्निवीर सियाचेनवर कर्तव्य बजावीत असता मरण पावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी तोफगोळ्याच्या स्फोटात दोन अग्निवीर दगावले. मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या सीमेवरील गोळाबारात एका अग्निवीराने प्राण दिले. त्याच्या आईने कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सेवेमुळे मृत्यू आल्यास अग्निवीराच्या वारसांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी मिळतो. एकूण रक्कम मोठी आहे आणि तिची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु नियमित शिपाई लढाईत पडला तर त्याच्या कुटुंबाला तहहयात निवृत्तिवेतन असते; अविवाहित जवानाच्या आईवडिलांसाठीही तरतूद असते. एकाच चौकीवर, एकाच गोळ्याने दोघे पडले, तर एका आईला दरमहा काही मिळेल आणि दुसरीला मिळणार नाही. या भेदाचे समर्थन कोणत्या देशभक्तीने करता येईल?

अपंगत्वाची गोष्ट याहून कठीण आहे. शंभर टक्के अपंगत्व आल्यास अग्निवीराला एकदाच ४४ लाख रुपये मिळतात, पंचाहत्तर टक्क्यांना २५ लाख, पन्नास टक्क्यांना १५ लाख. नियमित शिपायाला जन्मभर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन असते. बावीस वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय गेले, तर पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याचे कोण करणार? उत्तर ठरलेले आहे: आई करणार, आणि आईनंतर बहीण किंवा वहिनी करणार. सरकारच्या ताळेबंदात न दिसणारा हा खर्च घरातील बाईच्या अंगावर पडतो.

सरकारची बाजूही न्यायबुद्धीने पाहावयास हवी. सैन्य तरुण असावे, बत्तिसाच्या आसपास असलेले सरासरी वय सव्विसापर्यंत खाली यावे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. हिमालयातील चौक्यांवर वयाला महत्त्व आहे. निवृत्तिवेतनाचा बोजाही खोटा नाही. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ठेवलेल्या सुमारे ५ लाख २५ हजार कोटींपैकी १ लाख १९ हजार कोटींहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनासाठी होती. यात संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यांचाही वाटा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. सैन्य तरुण ठेवण्याचे अन्य मार्ग होते. पंधरा वर्षे पुरी केलेल्या जवानाला निमलष्करी दलांत, पोलिसांत, रेल्वेत सरळ सामावून घेण्याची मागणी जुनी आहे. त्यातून वयही खाली आले असते आणि अनुभवही वाया गेला नसता. सरकारने तो मार्ग सोडून सर्वांत दुबळ्या माणसाच्या ताटातील भाकरी कमी करण्याचा मार्ग निवडला. एक मुदत विधानसभेत बसलेल्या आमदाराला आयुष्यभर निवृत्तिवेतन देताना तिजोरीची आठवण होत नाही. ती शिपायाच्या वेळी होते.

राज्यकर्त्यांनी शिपायाला गरजेपुरते बोलवावे आणि गरज सरताच मोकळे करावे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. साताऱ्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, असे गाव सांगते. त्याचे नावच अपशिंगे मिलिटरी पडले. महार समाजाची कथा याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढचे महायुद्ध पेटल्यावर १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. फौजेची नोकरी त्या समाजाला का हवी होती? बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. त्या नोकरीने घरात विद्या आली, ताठ मान आली आणि मुलाला शिकविण्याची ऐपत आली. शिपायाच्या स्थिर नोकरीतून पुढच्या पिढीत काय उभे राहू शकते, याचे याहून मोठे उदाहरण देण्याची गरज नाही. चार वर्षांच्या कंत्राटातून अशी पिढी उभी राहील काय, हा आमचा प्रश्न आहे.

म्हणून फौजेत जाऊ पाहणाऱ्या मुलाकडे कार्यकर्त्याने तुच्छतेने पाहू नये. १९४३ नंतर ज्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, त्याच जिल्ह्यातील मुले त्या वेळी इंग्रजांच्या पलटणींतही होती. पोटाची गरज आणि स्वातंत्र्याची ओढ एकाच मातीत नांदत होती. आजही सरकारी धोरणाला विरोध करताना आपण मुलाच्या धाडसाला आणि त्याच्या गरजेला विरोध करीत नाही, हे त्याला आणि त्याच्या आईला कळले पाहिजे. आपल्या निषेधाचा फलक म्हणून कोणाचे घर वापरण्याचा अधिकार पक्षाला नाही.

मग विचारणाऱ्याला सांगावे काय? आमचे उत्तर घराघरागणिक वेगळे आहे. ज्या घरात दुसरा मिळवता हात आहे, अंगावरचे कर्ज बेताचे आहे आणि चार वर्षांनंतर मुलाला शिकण्यास वाव आहे, त्या मुलाला जावेसे वाटत असेल तर त्याने निःशंकपणे जावे. ज्या घराचा तोच एक आधार आहे, त्याच्या घरच्यांसमवेत कार्यकर्त्याने एक संध्याकाळ बसावे आणि कागदावर हिशेब मांडावा. शेती कोण पाहणार? हाती येणाऱ्या एकवीस हजारांतून घरी किती येणार? कर्जाचे हप्ते चार वर्षांत संपतात काय? बाहेर पडल्यावर तो काय करणार, आणि त्यासाठी सेवानिधीतील किती रक्कम हात न लावता ठेवता येईल? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर जाणे धोक्याचे असले तरी आंधळे राहत नाही. ती मिळाली नाहीत, आणि जवळपास आयटीआय, पोलीसभरती किंवा दुसरी कायम नोकरी यांची खरी शक्यता असेल, तर थांबण्याचा सल्ला देण्यास कार्यकर्त्याने कचरू नये. थांबणे म्हणजे भेकडपणा नव्हे, हेही त्यानेच गावात चार लोकांसमोर सांगावे.

काही गोष्टी तर कोणाच्याही बाबतीत सांगितल्याच पाहिजेत. भरतीची तयारी करून देणाऱ्या अकॅडमीच्या फीसाठी जमीन गहाण टाकू नये. ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. भरती लेखी परीक्षेवर, धावण्यावर आणि वैद्यकीय तपासणीवर होते. वारसाच्या नोंदीचे कागद मुलाकडून वेळेवर भरून घ्यावेत आणि त्यांची प्रत घरी ठेवावी. चार वर्षे पुरी करणाऱ्या दहावी उत्तीर्ण मुलाला बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते पदरात पाडून घ्यावे. अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे घरच्यांसोबत कार्यकर्त्याने स्वतः जावे.

सल्ला देऊन आपले काम संपत नाही. काही मागण्या पक्षाने तालुक्यातालुक्यांतून उठविल्या पाहिजेत. कर्तव्यावर मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या अग्निवीराला आणि त्याच्या आईवडिलांना नियमित शिपायाप्रमाणेच निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. या मागणीसाठी योजना रद्द होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चार वर्षे पुरी करणाऱ्यास माजी सैनिकाचा दर्जा मिळावा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील राखीव जागांची पहिली घोषणा जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांची झाली. अशा घोषणांना कायद्याचे बळ हवे आणि किती मुले प्रत्यक्ष लागली याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळात व संसदेत मांडला जावा. कायम होणाऱ्यांचे प्रमाण उलट करावे, म्हणजे बहुसंख्य राहतील आणि थोडे जातील. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीपासून दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. त्यापुढे दरवर्षी हजारो शिकवलेले, शस्त्र चालविता येणारे तरुण बेकारीत परतणार आहेत. हा प्रश्न त्यांच्या घरापुरता राहणार नाही.

या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी मात्र जुनीच आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना याच महाराष्ट्रात आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन शासनाने स्वीकारले, ते पाटी-कुदळीच्या कामापुरते. बारावी झालेल्या मुलाला ते पुरेसे नाही. कामाचा हक्क शिकलेल्या तरुणापर्यंत पोहोचेल, सरकारी खात्यांतील रिकाम्या जागा भरल्या जातील, गावाजवळ पोट भरेल असा धंदा उभा राहील, त्या दिवशी फौजेत जाणारा मुलगा खऱ्या अर्थाने स्वेच्छेने जाईल. भुकेने ढकललेला आणि मनाने निघालेला, असे दोघेही सीमेवर सारखेच लढतील, यात शंका नाही. पण एकाला दुसरी वाट होती आणि दुसऱ्याला नव्हती, हा भेद प्रजासत्ताकाला शोभणारा नाही. तो नाहीसा होईपर्यंत ज्यांची मुले पहाटे धावत आहेत, त्यांच्या ओसरीवर बसून हिशेब मांडण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.